चुकीचे वाचन

मुलाला शिकवणीची गरज आहे हे कसे ओळखावे, या प्रश्नाचे ठरीव उत्तर आपल्याकडे तयार असते. गुण घसरू लागले, गृहपाठाची टाळाटाळ सुरू झाली, वर्गात हात वर होईनासा झाला, की वेळ आली असे समजावे. शिकवणीवर्गांच्या पत्रकांत ही लक्षणे वैद्यकीय थाटात छापलेली असतात आणि ती खोटी असतात असेही नाही. माझी हरकत एवढीच, की ती लक्षणे मुलाची आहेत असे आपण न तपासता धरून चालतो.

नंदुरबार जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातले ब्राह्मणपुरी डोळ्यांसमोर ठेवून हा प्रश्न विचारून पाहावा. पुण्या-मुंबईत तो स्पर्धेचा आणि ऐपतीचा वाटतो. या तालुक्यात त्याचे मूळ उघडे पडते. इथल्या घरांत अहिराणी, गुजरी, भिली, पावरी बोलली जाते. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातली दर दहांपैकी जवळपास सात माणसे अनुसूचित जमातींची आहेत. शाळेचे पुस्तक मात्र प्रमाण मराठीतले. म्हणजे पहिलीत बसलेले मूल अक्षरे आणि एक नवी भाषा अशा दोन गोष्टी एकाच वेळी शिकत असते, आणि आपण गुण देतो ते जणू एकच गोष्ट शिकवली असल्यासारखे.

अहिराणी घरातले मूल वहीत लिहिते : ‘मना भाऊ शाळामा जास.’ तीन शब्दांना तीन लाल वर्तुळे. बाहेरून आलेल्या शिक्षकाला ‘मना’ म्हटले की समर्थांचे मनाचे श्लोक आठवावेत, यात त्याचा दोष नाही. पण मुलाने इथे ‘माझा’ म्हटले आहे. ‘मा’ हा त्याच्या बोलीतला सप्तमीचा प्रत्यय आहे आणि ‘जास’ हे क्रियापदाचे नियमित रूप. ज्याला आपण तीन चुका म्हणतो ते तीन नियम आहेत, आणि मुलाने ते एकदाही मोडलेले नाहीत. मात्र गुणपत्रकावर ‘भाषा कच्ची’ असा शेरा उतरतो, पालक घाबरतात, आणि तेच पुस्तक, तोच धडा, तीच लाल शाई संध्याकाळी पैसे मोजून पुन्हा विकत घेतली जाते.

गणिताची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा सुशिक्षित महाराष्ट्राने काय टवाळी केली! मराठीचा ऱ्हास झाला, जोडाक्षरांना घाबरणारी पिढी घडते आहे, वगैरे. त्या टवाळीत आपल्यापैकी पुष्कळ जण होते. (हा लेखकही सुरुवातीला हसला होता.) ‘एकोणसाठ’ हा शब्द साठातून एक वजा करायला सांगतो, पण कागदावर मात्र पाच आणि नऊ लिहायचे असतात, ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतात, लिहायचे असतात पाच आधी. मराठी घरातले मूल हे पाळण्यापासून ऐकत आलेले असते, म्हणून त्याला ते जाणवत नाही. भिली किंवा पावरी घरातल्या मुलाला ही नावे शाळेतच पहिल्यांदा भेटतात. ते मूल बाजारात सुट्या पैशांचा हिशेब बिनचूक करील आणि वर्गात ‘एकोणसाठ लिही’ म्हटल्यावर ६९ लिहील. त्याला गणिताची शिकवणी लावणे म्हणजे ठेच लागलेल्या माणसाला चष्मा देण्यासारखे आहे.

गरज ओळखणे ही शाळेची कृपा नव्हे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकाला स्पष्ट सांगते, की प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता जोखावी आणि लागेल तेवढे जादा शिकवावे. त्याच कायद्याचे कलम २८ शिक्षकाला खाजगी शिकवणी करण्यास मनाई करते. कलम २९ शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मातृभाषा असावे असे म्हणते. १९५६मध्ये संविधानात आलेला अनुच्छेद ३५० क तर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांवर सोपवतो. ही तरतूद सत्तर वर्षांची होत आली. शिकवणी कायद्याने शाळेतच आहे. आपण ती बाहेर नेली आणि तिचे बिल पालकाच्या हाती दिले.

आणि जोखणार कोण? १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत असे सुचवले होते. जे लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा समजून घेतील, असे. मुलाच्या चुकीतला नियम ऐकू येण्यासाठी तो नियम ठाऊक असलेला कान लागतो, ही त्या सूचनेतली साधी व्यावहारिक गोष्ट आजही नेमणुकीच्या निकषांत दुय्यमच आहे.

शिकवणी कुणालाच नको, असे मी म्हणत नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेले मूल होळीला परतते, तेव्हा अपूर्णांक आणि निम्मे पुस्तक त्याच्या गैरहजेरीत होऊन गेलेले असते. त्याच्याशेजारी कुणीतरी रोज तासभर बसायला हवे, यात शंका नाही. फळा न दिसणारे मूलही असते. त्याला मात्र खरेच चष्मा हवा. पण पैसे देऊन लावलेली शिकवणी या मुलांपर्यंत पोहोचत नाही. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीनुसार देशात पहिली ते आठवीतल्या, पैसे देऊन शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८मधल्या २६.४ टक्क्यांवरून २०२२मध्ये ३०.५ टक्क्यांवर गेले. या वाढीत ऊसतोडीहून परतलेला मुलगा किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता थोडे आपल्याविषयी. बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नाहीत. १९५२मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली आणि मराठीने ती डोक्यावर घेतली. २०१८पासून जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव मिरवते, आणि शहाद्याची महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. एम.ए.च्या वर्गात आपण बोलीभाषांवर प्रश्न काढतो, प्रत्ययांचे तक्ते करून घेतो, ‘घरमा’, ‘शाळामा’ अशी उदाहरणे अचूक लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण देतो. तोच ‘मा’ दुसरीच्या वहीत आला की लाल वर्तुळात जातो. या दोन वर्गांमधले अंतर पंधरा वर्षांचे आणि अनेकदा एका भिंतीचे असते. ते ओलांडून तिथल्या वहीत डोकावावे, असे मराठीच्या प्राध्यापकाला सहसा वाटत नाही. ‘बोली’ हा त्याच्या लेखी संशोधनाचा विषय असतो.

त्याच वर्गातून बाहेर पडलेले, अहिराणी किंवा भिली घरातच वाढलेले आपले विद्यार्थी नोकरी नसल्याने गावाकडे शिकवण्या घेतात. वहीतला ‘मा’ कुठून आला हे सबंध तालुक्यात त्यांच्याइतके कुणाला कळणार? तेही लाल पेन घेऊन बसतात आणि गाइडातली उत्तरे पाठ करून घेतात, कारण पालक पैसे त्याचेच देतात.