जुम्मापट्टीचं स्टेशन वाडीच्या हाती द्या

खोपोलीच्या शिळफाट्यावर माझं चहा-वडापावचं दुकान आहे. गाडी थांबली तर घर चालतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. 2002 साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि पुण्याच्या कितीतरी गाड्या आम्हाला टाळून परस्पर जाऊ लागल्या. खोपोलीने हे आधीही सोसलंय. 1856 मध्ये रेल्वे इथवर आली. पुढे बोरघाट आडवा, म्हणून उतारू इथे उतरायचे आणि पालखीने, तट्टावर बसून खंडाळा गाठायचे. 1863 ला घाटातला लोहमार्ग सुरू झाला आणि आमच्या वाट्याला नुसता फाटा उरला.

म्हणून माथेरानच्या गाडीत बसलो की माझं लक्ष मधल्या स्टेशनांकडे असतं. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून 1907 साली ही दोन फुटी रुळांची वाट झाली. खर्च सोळा लाख. नेरळ सुटलं की जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, मग माथेरान. या डोंगरउतारावर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथल्या बाया भाजी, लाकूडफाटा डोक्यावर घेऊन पायी वर चढत आल्या. पर्यटकांची गाडी मात्र त्यांच्या अंगणातून नुसती निघून जाते.

माझं म्हणणं साधं आहे. जुम्मापट्टी आणि वॉटर पाईप ही स्टेशनं वाड्यांतल्या महिला बचत गटांना सोबत घेऊन चालवा. गाडी रेल्वेचीच राहू दे, सिग्नल आणि रूळही रेल्वेकडेच असू देत. पण फलाटावरची खोली, पाणी, स्वच्छता, चहा, करवंदं-जांभळांची विक्री वाडीकडे द्या. 2022 पासून रेल्वेची ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजना आहेच. बाहेरच्या ठेकेदाराला परवाना दिला तर वाडीच्या पदरी काय पडणार? पाकीटबंद वेफर्स विकायला या डोंगरात स्टेशन कशाला हवं?

वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे 1951 पासून स्वयंसेवकांनी सांभाळली. त्यांचा मला आदर आहे, पण आपल्या वाड्यांकडून श्रमदान मागू नये. तिथली माणसं रोजगारासाठी घरदार सोडून वीटभट्टीवर जातात. त्यांना रोख मजुरी हवी, आणि तसं काम या मार्गावरच आहे. 2019 च्या पावसाने मार्ग वाहून गेला, तेव्हा नेरळहून वर जाणारी गाडी 2022 च्या ऑक्टोबरपर्यंत बंद होती. कुठला नाला तुंबतो, कुठली दरड सुटते, हे वाडीतल्या माणसाला आधी दिसतं. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी ही गाडी बंद असते. त्या महिन्यांत गटारं मोकळी करायचं, रुळांवर नजर ठेवायचं काम त्यांनाच द्या, म्हणजे बारमाही पैसा घरात येईल.

मध्य रेल्वेने येत्या हंगामात निदान जुम्मापट्टीपासून सुरुवात करावी. आणि तुम्ही त्या गाडीने गेलात, तर करवंदांच्या द्रोणासाठी घासाघीस करू नका.