खेकड्याचे कवच आणि आपले कर्तव्य

भिंतीवरचे घड्याळ बंद पडले, की आपण जुना सेल काढून केराच्या डब्यात टाकतो, नवा बसवितो आणि निश्चिंत होतो. घड्याळ पुन्हा चालू लागते. टाकलेल्या सेलचे पुढे काय होते, हा प्रश्न कोणाच्या मनाला शिवतही नाही. घरोघर बॅटऱ्यांची संख्या वाढत असता ही बेफिकिरी परवडणारी नाही, असे आम्हांस वाटते.

शास्त्रज्ञांनी ह्या प्रश्नाला हात घातला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठात लिआंगबिंग हू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली जस्ताची एक बॅटरी सिद्ध केली. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये विद्युत्भार वाहून नेणारा जो पदार्थ असतो, तो त्यांनी खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानचा बनविला. मातीतील सूक्ष्म जीव तो सुमारे पाच महिन्यांत फस्त करतात. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने कागदाची बॅटरी तयार केली. पाण्याचे दोन थेंब पडताच ती जागी होते. तिचे दोन घट जोडून एक लहानसे घड्याळही चालविण्यात आले. कायटोसान कोळंबीच्या टरफलांतूनही मिळते, आणि ससून डॉकवर कोळंबी सोलली जाते तेथे टरफलांना तोटा नाही. आपल्या संशोधकांनी ह्याकडे अवश्य लक्ष द्यावे.

परंतु कौतुकाच्या भरात विवेक सुटता कामा नये. कवचाचा पदार्थ मातीत विरला, तरी जस्त मागे उरतेच. ते गोळा करून पुन्हा वापरावे लागते. कागदी बॅटरी सुकली की तिचे बळ ओसरते. तिच्यावर स्कूटर धावणार नाही. तेव्हा ‘विरघळणारी बॅटरी’ म्हणजे वाटेल तेथे फेकण्याचा परवाना नव्हे.

विज्ञान येईपर्यंत कायदा आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी निरुपयोगी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, त्या पुरण्यास वा जाळण्यास मनाई केली, आणि त्या घरच्या केरात न मिसळण्याचे बंधन ग्राहकावरही घातले. किती घरांत हे ठाऊक आहे?

मोटारीची जुनी शिशाची बॅटरी मात्र कोणी उकिरड्यावर टाकीत नाही, कारण दुकानदार तिचे पैसे वळते करून देतो. जे उपदेशाने साधत नाही, ते चार पैशांनी साधते. लहान सेलवरही अल्पशी अनामत घ्यावी, आणि जो दुकानदार नवा सेल विकतो त्यानेच जुना परत घेऊन ती परत करावी, अशी आमची सूचना आहे. सोडावॉटरची रिकामी बाटली दुकानात परत नेण्याची सवय ज्या समाजाला होती, त्याला हे अवघड जाऊ नये. निसर्ग खेकड्याचे कवच पचवील. आपला आळस पचविण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी नाही.