पापलेट, पीएचडी आणि ‘क्लायमेट चेंज’ नावाची पळवाट

‘हवामान बदलामुळे पापलेट संकटात.’ ही हेडलाइन तुम्ही फोनवर कधी ना कधी अंगठ्याने वर सरकवली असेल. खाली एखाद्या बंदराचा फोटो, शास्त्रज्ञाचं दोन ओळींचं मत, तापमानवाढीचा एक आकडा, संपली बातमी. माझी पीएचडी याच विषयावर चालू आहे: किनाऱ्यालगतच्या पर्यावरणातले बदल आणि पापलेटची घट. म्हणजे या हेडलाइनवर माझंही पोट आहे. तरीही सांगते, ते वाक्य खरं असूनही अप्रामाणिक आहे. आणि ते तसंच राहावं यात पुष्कळांची सोय आहे.

आधी खरं काय ते. अरबी समुद्र तापतोय, यात वाद नाही. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये दाखवून दिलं की पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळ्यातलं पृष्ठतापमान गेल्या शतकभरात सुमारे १.२ अंशांनी वाढलं. दोन वर्षांनी त्यांनीच मांडलं की तिथल्या वनस्पतीप्लवकांत सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाली. प्लवक म्हणजे समुद्रातलं गवत. वरचं पाणी तापलं की ते हलकं होऊन वरच थांबतं, खालचं पोषक पाणी वर यायला अडतं, गवत कमी उगवतं. पापलेट प्राणिप्लवक आणि जेलीसारखे मऊ जीव खातं, त्यामुळे ही साखळी थेट त्याच्या तोंडापर्यंत पोचते. वादळांचंही तसंच. २०१९मध्ये क्यार आणि महा ही वादळं पाठोपाठ आली, ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागल्या. त्या वर्षी महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे २ लाख टनांवर उतरली, आदल्या वर्षी ती ३ लाखांच्या जवळ होती. यातलं काहीही नाकारण्यासाठी मी हे लिहीत नाही.

मला आक्षेप आहे तो पुढच्या पायरीवर. ‘समुद्र तापला’ आणि ‘पापलेट घटलं’ या दोन वाक्यांमध्ये आपण ‘म्हणून’ हा शब्द ज्या सहजतेने घालतो, त्यावर.

तो कसा घातला जातो ते सांगते. समुद्राचं तापमान उपग्रह मोजतात. १९८१पासूनची रोजची नोंद मी खोलीत बसून, फुकट, एका दुपारी उतरवून घेऊ शकते. मासळीचे आकडे सीएमएफआरआयकडे आहेत. बंदरांवर नमुना पद्धतीने केलेल्या नोंदींवरून काढलेले, दीर्घ काळाचे आणि खरोखर मोलाचे. एक रेघ वर जाते, दुसरी खाली येते. दोन्ही एका आलेखावर टाकल्या की संगणक सहसंबंध काढून देतो आणि शोधनिबंधाचा सांगाडा तयार होतो. अडचण एवढीच की याच काळात वर गेलेल्या रेघा ढीगभर आहेत. इंजिनांची ताकद वाढली. नायलॉनची जाळी वाढली. बर्फाचे कारखाने वाढले, मासे शोधणारी यंत्रं आली, निर्यात वाढली. स्मार्टफोनही वाढले, पण स्मार्टफोनमुळे पापलेट घटलं असं कोणी म्हणत नाही.

मग यातली तापमानाचीच रेघ का निवडली जाते? कारण ती तयार मिळते. बाकीच्या गोष्टी मोजायच्या तर बंदरावर जाऊन, चिखलात उभं राहून, लोकांशी वाद घालून मोजाव्या लागतात. चाळीस वर्षांत कुठल्या होडीच्या जाळ्याचा आस किती मिलिमीटरने लहान झाला, याची रोजची नोंद कुठलाही उपग्रह ठेवत नाही. जे मोजलं जातं ते कारण ठरतं आणि जे मोजायचं राहतं ते ‘इतर घटक’ या दोन शब्दांत, प्रबंधाच्या शेवटून दुसऱ्या पानावर पुरलं जातं.

(याच उपग्रहांचा आणखी एक उपयोग आहे. तापमान आणि हरितद्रव्याच्या याच नोंदींवरून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे याचे सल्ले मच्छीमारांना पाठवते. मच्छीमाराचं डिझेल वाचतं, चांगलंच आहे. पण ज्या आकड्यांनी मासा शोधला जातो, त्याच आकड्यांनी तो का गेला याचाही निकाल लागतो, ही गंमत आमच्या सेमिनारमध्ये कोणालाच वाटत नाही.)

‘हवामान की अतिमासेमारी’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. जणू दोन आरोपी आहेत आणि त्यातला एक सुटणार आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९४९पासून माशांच्या अंड्या-पिल्लांची सातत्याने मोजणी चालू आहे. तिथला सार्डिनचा धंदा बुडाल्यानंतर त्यांना ही अक्कल आली. त्या नोंदींवरून २००६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच पाण्यात राहणाऱ्या, एकच हवामान सोसणाऱ्या माशांमध्ये ज्या जातींची मासेमारी होते त्यांची संख्या जास्त हेलकावे खाते आणि ज्यांची होत नाही त्या त्यामानाने स्थिर राहतात, असं त्यात दिसलं. कारण अवघड नाही. मासेमारी मोठे, वयस्क मासे आधी काढून घेते. मोठी मादी जास्त अंडी घालते. एखादं वर्ष वाईट गेलं तर पुढच्या वर्षी घालायला ती उरलेली असते. ती गेली की सगळी भिस्त पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांवर, आणि मग एक गरम उन्हाळा किंवा एक वादळी ऑक्टोबरही पिढी कोसळवायला पुरतो. घरात साठवलेले पैसे असतील तर एका महिन्याचा पगार बुडला तरी चालतं. आधी साठवण खर्चून टाकायची आणि मग पगार बुडला म्हणून दिवाळं निघालं असं सांगायचं, हे आपल्या पापलेटच्या बाबतीत चाललंय.

आता हातातल्या फोनकडे बघा. बहुतेक फोन १५-१६ सेंटीमीटर लांब असतात. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची किमान लांबी आहे १३५ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या फोनपेक्षा आखूड पापलेट कायद्यात बसतं. आणि त्याहूनही लहान, तळहातात मावणारी, बाजारात वाट्याने विकली जातात ती तुम्ही पाहिली आहेत. मीही पाहिली आहेत, नमुने म्हणून विकतही घेतली आहेत, फेलोशिप आठ महिने रखडलेली असताना पदरच्या पैशांनी. हॉटेलांना एका ताटलीत अख्खं बसेल असं पापलेट हवं असतं. तुकडे करून वाढण्यासारखा मोठा सरंगा परवडत नाही, म्हणून मेन्यूकार्डावर माशाचं बालपणच छापलेलं असतं आणि आपण त्याचे फोटो टाकतो.

‘मग कोळ्यांनाच दोष द्या’ असं कोणी म्हणेल. तसं सोपं नाही. डोल जाळं हे भरती-ओहोटीच्या प्रवाहात मांडून ठेवलेलं जाळं आहे. पाणी त्यातून जातं आणि टोकाच्या पिशवीत जे साठतं ते साठतं. जवळा पकडायचा तर पिशवीचा आस बारीकच लागतो, तो ‘वाढवा’ म्हणून वाढत नाही. त्या पिशवीत जवळ्याबरोबर पापलेटची पिल्लं येतात. सातपाटीचे लोक ठराविक मोठ्या आसाच्या जाळ्यांनी पापलेट धरतात, त्यांचा डोलवाल्यांवर राग आहे. डोलवाल्यांचा राग ट्रॉलरवर, ट्रॉलरवाल्यांचा पर्ससीनवर, आणि सगळ्यांचा मिळून एलईडीवाल्यांवर. हा राग म्हणजे माहिती आहे. कुठल्या महिन्यात, किती वाव पाण्यात पिल्लं येतात हे त्या भांडणांत दडलेलं आहे, आणि त्यावरून नेमक्या तेवढ्याच दिवसांपुरती, तेवढ्याच पट्ट्यात बंदी आखता येईल. १ जून ते ३१ जुलै अशी सरसकट ६१ दिवसांची बंदी आहेच, पण पिल्लं काही कॅलेंडर बघून येत नाहीत.

पण ही माहिती आमच्या प्रबंधात कुठे जाते? ‘मच्छीमारांच्या धारणा’ नावाच्या प्रकरणात. उपग्रह सांगतो ते ‘निरीक्षण’ आणि चाळीस वर्षं समुद्रात गेलेला तांडेल सांगतो ती ‘धारणा’. प्रश्नावलीत पाच चौकटी: पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. एका तांडेलकाकांनी माझ्या प्रश्नावलीवर टिचकी मारून विचारलं, “पाणी गरम झालंय, हे खरं. पण माझं जाळं किती बारीक झालं, हे विचारायला यात जागा कुठंय?” जागा नव्हती, कारण तो मसुदा समितीने मंजूर केलेला होता. पुढे मी जाळ्यांच्या मोजमापाचं वेगळं प्रकरण मांडलं तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठांनी ते ‘विषयाच्या कक्षेबाहेर’ ठरवलं. शीर्षकात ‘पर्यावरण’ आहे ना, मग जाळं कशाला? असा तो युक्तिवाद. माशाच्या दृष्टीने जाळ्याइतकं पर्यावरणीय दुसरं काय असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि ‘पर्यावरण’ म्हणजे फक्त तापमान हेही कोणी ठरवलं? पालघरच्या किनाऱ्यावर तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी आहे. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादात जावं लागलं, आणि २०२२मध्ये लवादाने तिथल्या अनेक उद्योगांना भरपाई भरायला सांगितलं. हाही पर्यावरणातला बदलच. सप्टेंबर २०२३मध्ये पापलेटला ‘राज्य मासा’ घोषित केलं. मागणी सातपाटीच्या मच्छीमारांची होती. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट २०२४ला, त्याच जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, समुद्रात भराव, आणि त्या समुद्रावर जगणाऱ्या मच्छीमारांचा वर्षानुवर्षांचा विरोध. याही बदलाला तारीख आहे, अंदाजपत्रक आहे, सही करणारे हात आहेत. पण ‘पर्यावरणीय बदलांचा परिणाम’ शोधणाऱ्या प्रबंधांमध्ये भराव आणि सांडपाणी तुरळक भेटतात, पृष्ठतापमान मात्र पानोपानी. हवामान बदलाची सोय हीच आहे की त्यात समन्स बजावायला कोणाचा पत्ता मिळत नाही. मंत्र्याला ते भाषणात म्हणता येतं, कंपनीला वार्षिक अहवालात, विद्यापीठाला अनुदानाच्या अर्जात आणि हॉटेलात पापलेट फ्रायची ऑर्डर देताना आपल्याला.

(शास्त्राचा दरारा वाटणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. आपलं पापलेट म्हणजे ‘पाम्पस अर्जेंटियस’ असं पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनुसार भारतीय किनाऱ्यावरची जात वेगळी आहे, ‘पाम्पस कँडिडस’. म्हणजे ज्या माशाचं तापमानाशी असलेलं नातं आम्ही दशांश चिन्हापुढे तीन आकड्यांपर्यंत काढत होतो, त्याचं नावही धड माहीत नव्हतं. कोळणीला मात्र सरंगा आणि हलवा यांत कधी गोंधळ करावा लागला नाही.)

माझी मागणी फार मोठी नाही. किनाऱ्यावरच्या माशाच्या घटीवर ज्याला डॉक्टर व्हायचंय, त्याच्या प्रबंधात तापमानाच्या रकान्याशेजारी जाळ्याच्या आसाचा रकाना असावा. भराव किती हेक्टर, सांडपाण्याचा नाला किती अंतरावर, याचा असावा. मच्छीमाराच्या सांगण्याला तारीख, जागा आणि वाव जोडून ते निरीक्षण म्हणून नोंदवावं. ते चुकलं तर चुकलं म्हणावं, उपग्रहाच्या चुकाही आपण दुरुस्त करतोच. आणि यातलं काही मिळालं नाही तर निष्कर्षात स्पष्ट लिहावं की आम्ही हे मोजलेलं नाही, म्हणून हवामानाचा वाटा किती हे आम्हाला सांगता येणार नाही. असं लिहिल्याने शोधनिबंध नाकारला जाईल अशी भीती दाखवली जाते. जाईलही.

मी तेवढ्यासाठी एक स्टीलची मोजपट्टी घेतली आहे, दोनशे रुपयांची. या हंगामात बंदी उठली की डोल जाळ्यांच्या पिशव्या मोजायला सुरुवात करणार आहे, समितीची परवानगी आली तर प्रबंधासाठी, नाही आली तर त्याच्या बाहेर. आतापर्यंत अकरा होड्यांचे मालक तयार झाले आहेत. त्यांची अट एकच: होडीचा नंबर लिहायचा नाही. एका मावशींनी दुसरीही घातली, की मोजून झालं की आकडा आधी त्यांना सांगायचा, मग पेपरवाल्यांना.