वस्तीचे नाव कोणी ठेवायचे?

जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा जाऊन समतानगर, भीमनगर यावे, हा त्याचा आशय. ‘नावाने का पोट भरते?’ असे विचारणाऱ्यांनी मराठवाडा विद्यापीठाचा इतिहास आठवावा. नामांतराचा ठराव विधिमंडळात 1978 साली झाला. नामविस्तारास 1994 उजाडले, आणि ठरावापाठोपाठ दलितांची घरे जाळली गेली. क्षुल्लक गोष्टीसाठी कोणी घरे जाळीत नाही.

भीमनगर या पत्त्यावरूनही नोकरीचा अर्ज वाचणाऱ्यास जात कळतेच, असा दुसरा आक्षेप. कळते खरी! परंतु महारवाडा हे नाव गावाने लादलेले. भीमनगर हे रहिवाशांनी स्वतः निवडलेले असू शकते. निवडीचा हा अधिकारच येथे महत्त्वाचा. तेव्हा नवे नाव कचेरीतून सुचण्याऐवजी त्या वस्तीच्याच मुखातून आले पाहिजे.

पाटीमागच्या जमिनीचे काय? 1958 च्या कायद्याने महार वतन संपले, वतनाची राबणूकही संपली. जमीन मात्र कब्जाहक्काची रक्कम भरूनच परत मिळायची होती. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांपाशी ती रक्कम कोठून असणार, हा हिशेब अजून कोणी मांडलेला दिसत नाही.