पातूरचा फलक, बेळगावचा फलक

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर एक फलक आहे. वर मराठीत नाव, खाली तेच उर्दूत. या खालच्या ओळीवरून एका माजी नगरसेविकेने सुरू केलेला वाद जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, नागपूर खंडपीठ असा फिरत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी अपील फेटाळले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा लोकांची आणि प्रदेशाची असते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

या निकालावर नाराज असलेल्या मराठीप्रेमींशी मला भांडायचे आहे.

तुमचा मुद्दा काय, तर महाराष्ट्रात मराठीच हवी. मग ती कुणी काढली? ती फलकावर आहे, वरच्याच ओळीत आहे. महाराष्ट्राचा २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा मराठी सक्तीची करतो. जोडीला दुसरी भाषा लिहू नका, असे तो कुठेही म्हणत नाही. सक्ती एकीची म्हणजे बंदी दुसरीची, हा अर्थ तुमच्या मनातला आहे, कायद्यातला नाही.

आता थोडे दक्षिणेला या. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवी. उरलेल्या जागेत बेळगावच्या दुकानदाराने मराठी लिहिली तर? आपण म्हणतो, तो त्याचा हक्क आहे. बरोबरच आहे. बेळगावातल्या मराठी पाटीला काळे फासले की आपण पेटून उठतो, तेही बरोबर. पण हाच तर्क पातूरच्या उर्दू ओळीला लावायची वेळ आली की आपली जीभ का अडखळते? पातूरचा निकाल बेळगावला आपोआप लागू होत नाही, हे मला कळते. तो महाराष्ट्राच्या कायद्याचा अर्थ लावतो. पण उद्या सीमाभागातला मराठी माणूस न्यायालयात उभा राहिला तर त्याचा वकील नेमका हाच युक्तिवाद करणार आहे. ती काठी आपणच मोडून चुलीत घालायची का?

मी हे गोव्यातून लिहितो आहे. इथे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय कामात वापरण्याची तरतूद मिळाली. आज आपण गोव्यात मराठीसाठी जे काही मागतो, ते याच तत्त्वावर उभे आहे की एक भाषा राजभाषा झाली म्हणून दुसरी परकी होत नाही. आणि भाषेला धर्म असतो म्हणणाऱ्यांनी फादर स्टीफन्सचे नाव आठवावे. इंग्लंडात जन्मलेल्या या जेजुइटाचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. येशूची कथा, आणि ती मराठी ओवीत! मराठीचा धर्म कुठला, सांगा बघू.

उर्दू परकी म्हणता, तर कोर्टाची पायरी चढून दाखवा. तिथे तुम्हाला वकील लागतो, फिर्याद लागते, दावा, जबाब, जामीन लागतो. हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि उर्दूने जसे आपले केले तसे मराठीनेही केले. त्या खालच्या ओळीला विरोध करण्यासाठी जो अर्ज लिहिला जाईल, त्यातला 'अर्ज' हा शब्दही तिकडचाच.

महाराष्ट्रात आपण बहुसंख्य आहोत. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, इथे आपण शेजारी आहोत. शेजाऱ्याला कसे वागवावे, हे बहुसंख्य असताना आपण जसे ठरवू, तसेच उद्या आपल्याला कुणीतरी वागवणार. पातूरच्या फलकावरची खालची ओळ पुसायला निघालेल्यांनी बेळगावच्या पाटीसाठी मोर्चा काढू नये. आणि मोर्चा काढायचा असेल, तर ती ओळ आधी राहू द्यावी.