मावशी, तांबोशी गरीची आहे का?

वीकेंडला अलिबाग-मुरुडला गेलो की फिश थाळी येते, फोटो निघतो, स्टोरी पडते. पण ताटातली तांबोशी पकडली कशी, हे विचारतं कोण? ती राहते समुद्रातल्या खडकांपाशी. तिथे ट्रॉलरने जाळं ओढलं तर फाटतं. छोट्या होडीतला माणूस मात्र तिथेच गरी टाकून बसतो. मासा एकेक येतो, अगदी लहान असला तर लगेच सोडता येतो. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. पण नुसत्या कायद्याने समुद्र वाचत नाही, गिऱ्हाइकानेही साथ द्यायला हवी. गरीच्या मासळीला दोन पैसे जास्त पडले तर घासाघीस नको. पुढच्या वेळी बाजारात एवढंच विचारा, ‘मावशी, गरीची आहे का?’