हात बसला म्हणजे गाडी आली, असे नाही

रत्नागिरीत गाडी शिकण्याबद्दल एक समज इतका रुजला आहे, की त्याला कुणी समज म्हणतही नाही. स्टिअरिंगवर हात बसला, खाली न बघता गिअर पडू लागले, की गाडी आली. उरलेले रस्ता शिकवतो, असे सगळे धरून चालतात. त्यामुळे मोटार ट्रेनिंग स्कूलची पायरी चढणाऱ्याचे लक्ष शिकण्यापेक्षा लायसन्सकडे जास्त असते. असे मानणारी माणसे बेफिकीर असतात असे मुळीच नाही. त्यांच्यापाशी कारणे असतात, आणि ती नीट ऐकून घेऊनच त्यांना उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे असे, की रस्ता चूक दाखवतो खरा, पण ती सुधारायला वेळ देईलच असे नाही. गाडी शिकवावी लागते ती शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाने, पुरेसे तास देऊन, आणि पुढे ज्या रस्त्यांवर ती न्यायची आहे तसल्याच रस्त्यांवर.

सगळ्यात आधी पुढे येतो तो जुन्या पिढीचा दाखला. ‘आमच्या वेळी कुठे होत्या मोटार स्कूल? क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो आणि ड्रायव्हर होऊन उतरलो.’ दाखला खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. क्लीनर वर्षानुवर्षे ड्रायव्हरच्या शेजारी बसत असे. कुंभार्ली घाट उतरताना उस्ताद कोणत्या वळणाआधी गिअर खाली आणतो, आंबा घाटात धुके दाटले की काच खाली करून समोरचा हॉर्न कसा ऐकतो, भरलेला ट्रक चढत असेल तर आपण कुठे दबून थांबायचे, हे त्याने शेकडो वेळा पाहिलेले असे. मग कधीतरी मोकळ्या रस्त्यावर, उस्ताद शेजारी असताना, त्याच्या हाती स्टिअरिंग येई. आजच्या कोणत्याही कोर्सपेक्षा ही शिकवणी लांब होती, फक्त तिची पावती फाटत नव्हती. आज अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या हाती शोरूममधली गाडी येते, तेव्हा त्या वर्षांतले काहीच त्याच्या गाठीशी नसते. म्हणून जुन्या पिढीचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. शिवाय हा दाखला देतात ते निभावून गेलेले लोक. ज्यांचे निभावले नाही, त्यांची साक्ष काढायला कुणी जात नाही.

दुसरे म्हणणे असे, की कायदा मागतो तेवढे होतेच, मग आणखी कशाला? कायदा काय मागतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३१ प्रमाणे खासगी मोटारीचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १० तासांचे हवे. कोणी किती तास गाडी चालवली याची नोंदवही ठेवायला नमुना १५ ठरवून दिलेला आहे. २१ दिवसांत १० तास म्हणजे रोज जेमतेम अर्धा तास. पण जिथे एका फेरीत तिघे बसतात आणि एकेकाच्या वाट्याला १५ मिनिटे येतात, तिथे २१ दिवसांची बेरीज सव्वापाच तासांवरच थांबते. हे १० तासही पुरेसे नाहीत, हे सरकारच्याच पुढच्या पावलावरून कळते. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम झाले, तेव्हा हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम ठरला आणि त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे ठेवले. त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. स्कूलच्या गाडीत दुहेरी नियंत्रण असते, म्हणजे क्लच आणि ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाखालीही असतात. अपघात टळावा म्हणून केलेली ही सोय अत्यंत गरजेची आहे. पण मागून हॉर्न वाजू लागले की शिकवणाऱ्याचा पाय सवयीने आधीच पडतो, गाडी न अडखळता निघते आणि शिकणाऱ्याला वाटते, आपणच काढली. कोर्स संपतो तेव्हा त्याचे हात तयार झालेले असतात, पाय मात्र कोरेच राहिलेले असतात.

पाय कोरे राहिले की काय होते, ते कुठल्याही चढावर दिसते. पुढची एसटी थांबली, आपण थांबलो, मागे दोन हातांवर रिक्षा येऊन उभी राहिली. आता निघायचे. ब्रेकवरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडी मागे सरकते. घाबरून क्लच झटकन सोडला की ती बंद पडते. ज्याला शिकवले आहे तो आधी हँडब्रेक ओढतो, क्लच हळूहळू वर घेतो, इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीचे तोंड किंचित उचलल्यासारखे वाटले की पाय तिथेच रोखतो, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देतो आणि मगच हँडब्रेक सोडतो. गाडी बोटभरही मागे जात नाही. चार-पाच सेकंदांचे काम आहे, पण सपाट मैदानावर शंभर फेऱ्या मारल्या तरी ते येत नाही, कारण मैदानाला चढ नसतो. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होते. चाचणीत काय पाहावे हे सांगणाऱ्या नियम १५ मध्ये खड्या चढावर थांबवलेली गाडी मागे न सरकू देता पुन्हा काढणे आहे, आणि उतारावर चटकन खालचा गिअर टाकणेही आहे. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, या नियमाचे मूळही त्याच अडचणीत आहे. परशुराम, भोस्ते, निवळी, आंबा, कुंभार्ली अशी नावे ज्या जिल्ह्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत, तिथे गाडी शिकणे म्हणजे आधी हे शिकणे. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवावे असा सल्ला अजून ऐकू येतो. तसे केले की इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक नेमके हवे तेव्हा धरत नाहीत.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. तो संशोधनातून आला आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत सुमारे १६ हजार शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. शाळेतून दिलेल्या वाहन-शिक्षणाने अपघात टिकाऊ प्रमाणात घटल्याचे त्यात दिसले नाही. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही अपघात घटल्याचा पुरावा मिळाला नाही. लायसन्स मात्र लवकर मिळते, असे निघाले. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर घसरलेली गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले, तर तरुण पुरुषांचे अपघात उलट वाढल्याचे आढळले. मग शिकवणीचा आग्रह कशासाठी? हे पुरावे मी टाळत नाही, माझ्या म्हणण्याला तेच आधार देतात. थोडे शिकवून लवकर मोकळे सोडले तर उपयोग होत नाही, आणि कसरत शिकवून आत्मविश्वास तेवढा फुगवला तर अपाय होतो, हे त्यांतून सिद्ध होते. काही देशांनी वेगळी वाट धरली. न्यूझीलंडने १९८७ मध्ये पायऱ्यापायऱ्यांचे लायसन्स आणले, म्हणजे आधी सोबत्याबरोबर, मग रात्री आणि मित्रांना घेऊन जाण्यावर बंधने, मग पूर्ण मोकळीक. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला सोबत्याच्या देखरेखीखाली १२० तास गाडी चालवून त्यांची नोंद दाखवावी लागते. अशा टप्प्याटप्प्याच्या पद्धतीने नवख्या तरुणांचे अपघात घटल्याचे अनेक ठिकाणी दिसले आहे. एकट्याने गाडी चालवण्याचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, तेव्हा त्यांच्या आधीच सोबतीचे तास वाढवणे हाच उपाय उरतो.

काहीजण म्हणतील, दोष चालकाचा नाही, रस्त्याचा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे वर्षानुवर्षे रेंगाळलेले काम, वळवलेली वाहतूक, खड्डे, हे सगळे खरे आहे आणि त्याचा जाब मागितलाच पाहिजे. पण रस्ता वाईट आहे म्हणून कमी शिकावे, हा तर्क उलटा आहे. शिवाय चांगला रस्ता तयार झाला की धोका संपतो असेही नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातल्या या मृत्यूंपैकी ७१.२ टक्के अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे समोरचे गुरू दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढे अंतर कापून झालेले असते. पावसाळ्यात गुरे कोरड्या जागेच्या शोधात रात्री डांबरावर येऊन बसतात, पहिल्या सरीने तेल आणि धूळ मिसळून रस्ता गुळगुळीत होतो, आडवाटांवर जांभ्याच्या गडग्यांमुळे वळणापलीकडचे दिसत नाही. अशा वेळी वेग किती ठेवायचा, हे पुस्तकात वाचून कळत नाही. शेजारच्याने ‘इथे पाय काढ’ असे त्या त्या जागी सांगावे लागते, आणि का ते दाखवावे लागते.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो हलका नाही. ज्या घरात टेम्पो किंवा रिक्षा हे पोटाचे साधन होणार आहे, तिथे फीचा प्रत्येक रुपया मोजला जातो. पण सगळे तास विकत घ्यावे लागत नाहीत. शिकाऊ लायसन्स असलेल्याने पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा ‘एल’ लावून, त्या प्रकारच्या वाहनाचे पक्के लायसन्स असलेला माणूस गाडी थांबवता येईल असा शेजारी बसवून सराव करावा, याला कायद्याची मुभा आहे. शिकाऊ लायसन्सचे सहा महिने त्यासाठीच आहेत. बहुतेकजण ३० दिवस भरताच चाचणीला उभे राहतात आणि उरलेले पाच महिने वाया घालवतात. पाया स्कूलमध्ये घालावा आणि तास घरी भरावेत. घरच्या सोबत्याने मात्र हँडब्रेकजवळ हात आणि रस्त्यावर नजर ठेवली पाहिजे, फोन खिशात राहिला पाहिजे. आणि ज्याची अठरा वर्षे पूर्ण नाहीत त्याच्या हाती मोटारीची किल्ली देणे हा सराव होऊ शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड ठेवला आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. स्कूलने १० तास खरोखर द्यावेत आणि नोंदवही शिकणाऱ्याला दाखवावी. परिवहन अधिकाऱ्यांनी ती वही तपासावी, आणि चाचणी मैदानावर न संपवता एका चढावर न्यावी. शिकणाऱ्याने एक तास आरे-वारेच्या वळणांवर, एक तास भर पावसात, एक तास काळोख पडल्यावर आणि एक तास हातखंबा तिठ्यावर मागावा, जिथे रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता महामार्गाला मिळतो आणि अवजड वाहनांच्या मधून वाट काढावी लागते. यातले काही मागायला नवा कायदा लागत नाही. आई-वडिलांनीही मुलाला किंवा मुलीला विचारायचा प्रश्न बदलावा. लायसन्स कधी मिळणार, हे नंतर विचारता येईल. आधी शेजारी बसून एखाद्या चढावर गाडी थांबवायला सांगावी, मागे रिक्षा येऊन उभी राहू द्यावी, आणि शिकवणाऱ्याचा पाय नसताना ती जागची न सरकता निघते का, ते पाहावे.